मागची डावी सीट

१

"ही मागे बसायला लागल्यापासून गाडी एकदाही बंद पडली नाही. आणि ताईलाही उतार आहे. आता ताईला पुन्हा बसवायचं नाव काढू नका."

सासूबाई हे सासऱ्यांना म्हणाल्या. ते मी ऐकावं म्हणून नव्हतं. लग्नाला तीन आठवडे झाले होते. मी मागच्या गॅलरीत वाकून बादलीतले कपडे पिळत होते आणि स्वयंपाकघराची खिडकी बरोबर माझ्या डोक्यावर होती. नव्या सुनेला पहिले काही दिवस सगळं दोनदा ऐकू येतं, एकदा तोंडावर आणि एकदा खिडकीतून. माहेरी मला 'मुका कॅमेरा' म्हणायचे, त्यामुळे खिडकीतलं ऐकायची सवय जुनीच.

सासऱ्यांचा चमचा कपात फिरत राहिला. चहा कधीच गार झाला असणार.

मला आधी हसूच आलं. लोक सुनेचा पायगुण बघतात, ह्यांनी बसण्याचा गुण बघितला. मग पिळलेली चादर झटकताना दुसरं वाक्य आठवलं. गाडी बंद न पडण्याचा आणि ताईंना बरं वाटण्याचा काय संबंध? आणि ताईंना 'पुन्हा' बसवायचं म्हणजे, त्या आधी बसत होत्या?

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. वरच्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत असायच्या. दम लागतो म्हणून दीड वर्षापासून नोकरी सोडून घरी होत्या. माझ्याशी फार गोड वागायच्या, पण लांब वाक्य बोलायच्या नाहीत. अर्ध्या वाक्यात थांबायच्या, दोन आखूड श्वास घ्यायच्या, मग एक लांब, आणि मग पुढचं अर्धं.

२

खाली गॅरेज, वर घर, मध्ये चौदा पायऱ्यांचा लोखंडी जिना. सासऱ्यांना लोक कार्बोरेटरचे डॉक्टर म्हणत. पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा हा कार्बोरेटर नव्या गाड्यांना नसतोच, त्या कॉम्प्युटरला जोडून दुरुस्त करतात. त्यामुळे डॉक्टरांचे पेशंट दर वर्षी कमी होत चालले होते. जे उरले होते ते त्यांची स्वतःची गाडी बघून यायचे. पिस्ता रंगाची, चार दारांची, माझ्या नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. डॉक्टरचीच गाडी रस्त्यात आडवी झाली तर पेशंटनं कुणाकडे बघायचं, असं सासरे म्हणायचे, आणि ते गमतीनं म्हणत नव्हते.

लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी नवरा माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलला. पाऊण तास बोलला. विषय होता, गाडी का बंद पडते. ऐकताना कळलं की ह्या घरात प्रेमाच्या गोष्टी अशाच होत असाव्यात.

गाडी थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होते. वीस मिनिटं लोण्यासारखी चालते. मग कुठल्यातरी चौकात वेग कमी केला की एक आचका, दुसरा आचका, आणि गप्प. त्यानंतर अर्धा तास कितीही सेल्फ मारा, नुसती घरघर. प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली, तर ठिणगी निळी आणि टणटणीत. कार्बोरेटरच्या तोंडात बघत रेस ओढली, तर पेट्रोलची पिचकारी व्यवस्थित. उष्णतेनं पाइपात पेट्रोलची वाफ होत असेल म्हणून पंपावर ओलं फडकं टाकून झालं. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल म्हणून झाकण सैल ठेवून झालं. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पॉइंट बदलले.

"इंजिनाला तीन गोष्टी लागतात," नवरा म्हणाला. "ठिणगी, पेट्रोल आणि हवा. पहिल्या दोन मिळतायत."

"मग हवा?"

"हवा काय, सगळीकडेच असते," तो म्हणाला, आणि दिवा घालवला.

सासऱ्यांचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी चालली, तर कुठलीमुळे चालली ते जन्मात कळत नाही. प्रत्येक बदल एका लांबट वहीत लिहिला जायचा: तारीख, काय बदललं, काय झालं. माझं अक्षर चांगलं म्हणून आठवड्याभरात ती वही माझ्याकडे आली. फेरी मारून आलो की मी लिहायचे, 'चालली.' रोज संध्याकाळी चौघांनी एक चक्कर मारायची, हा त्यांचा उपचारच होता. सासरे चालवणार, सासूबाईंचे गुडघे वळत नाहीत म्हणून त्या पुढे, नवरा मागे उजवीकडे, मी मागे डावीकडे.

एकदा माझ्या बाजूला उन्हं येत होती म्हणून मी सरकून मध्ये बसू लागले. सासरे चावी फिरवता फिरवता थांबले. म्हणाले, कडेलाच बस हो, कडेला बरं असतं.

३

पुढची गोष्ट सरळ सांगते. मी घाबरट नाही. माहेरी अंधारात दिवा लावायला मलाच पाठवायचे.

एका संध्याकाळी आमच्या पुढे सिमेंटचा ट्रक होता. धुळीचा लोट आला तसा मी ओढणीनं नाक झाकलं आणि श्वास धरला. गाडीला आचका बसला. मी आणखी धरला. दुसरा आचका. इंजिन घोगरं झालं, सासऱ्यांच्या मानेची शीर ताठ झाली.

सासूबाई मागे न बघता म्हणाल्या, "श्वास घे गं."

मी घेतला. गाडी सुरळीत झाली.

नवऱ्यानं वडिलांना विचारलं, मिसिंग झालं का? ते म्हणाले, कचरा असेल पेट्रोलमध्ये, गेला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या पाठीमागे उभं राहूनसुद्धा मी श्वास धरलाय हे कुणाला कळणार नाही. सासूबाई तर पुढे बसल्या होत्या, आणि रस्त्याकडे बघत होत्या.

मी स्वतःला समजावलं. धुळीत कुणालाही 'श्वास घे' म्हणतात. म्हणतात का?

त्या दिवसापासून मी पायऱ्या मोजू लागले. लग्न होऊन आले तेव्हा चौदाच्या चौदा पायऱ्या मी पिशव्यांसकट पळत चढायचे. महिन्यानं अकरावीवर थांबू लागले, मग नववीवर. आणि फक्त चक्कर मारून आल्यावर. सकाळी चौदावीच काय, गच्चीपर्यंत गेले तरी काही नाही.

एवढ्यावरून जे शहाण्या माणसाच्या डोक्यात येईल ते माझ्याही आलं: धूर. सायलेन्सरच्या पाइपला कुठे चीर असेल आणि धूर मागच्या सीटखालून आत येत असेल. जुन्या गाड्यांत माणसं अशी मरतात, मी वाचलं होतं. मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं ते काळजीनं ऐकून घेतलं, ह्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी गाडी चालू ठेवून त्यानं सायलेन्सरच्या तोंडात ओला बोळा कोंबला आणि आम्ही दोघं खाली आडवे होऊन फुसफुस ऐकत राहिलो. कुठेच नाही. त्यानं मागची सीट उचलून खालचा पत्रा दाखवला. कोरडा, स्वच्छ, कुठे काजळीचा ठिपका नाही. आणि धूर असता तर मलाही लागला असता की, तो म्हणाला. शेजारीच बसतो मी.

खरंच होतं ते. तो ढिम्म होता. उलट जिना दोन-दोन पायऱ्या चढायचा.

मग दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, फुप्फुसं खणखणीत आहेत म्हणाल्या. नवीन घर, नवीन माणसं, जरा जड जातंच, असं म्हणून हसल्या. मीही हसले. शंका फिटली की हसू येतं, आणि फिटली नाही की जास्त येतं.

त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, मी काही दिवस पुढे बसू का? तो म्हणाला, आईचे गुडघे. आणि कूस बदलली. ज्याला माहीत नाही आणि ज्याला माहीत करून घ्यायचं नाही, अशा दोघांची पाठ सारखीच दिसते.

४

वही मी नेहमी शेवटच्या पानापासून उघडायचे. मागची पानं वाचावीत असं कधी वाटलं नव्हतं. एका दुपारी सगळे झोपलेले असताना गॅरेजच्या टेबलाशी बसून वाचली. ओढून घेतलेलं पत्र्याचं शटर उन्हानं टकटक करत होतं. बॉनेट उघडं टाकून गाडी कोपऱ्यात उभी होती.

सुरुवातीची पानं नवऱ्यानं सांगितली तशीच. कॉइल नवी, बंद पडली. पॉइंट नवे, बंद पडली. फ्लोट नवा, बंद पडली. पानंच्या पानं. सासऱ्यांचं अक्षर बारीक, स्क्रूड्रायव्हरनं कोरल्यासारखं. वस्तू संपल्या असाव्यात, कारण पुढे त्यांनी वजनं बदलायला घेतली होती.

मागची सीट रिकामी: बंद.
मागे डावीकडे वाळूचं पोतं: बंद.
मागे उजवीकडे मुलगा: बंद.
मागे डावीकडे मुलगा: बंद.
मागे डावीकडे ही: बंद.
मागे डावीकडे ताई: चालली.

त्यापुढे आठ पानं फक्त 'ताई: चालली.' रोजची तारीख. मग हळूहळू 'ताई: चालली, एक आचका.' 'ताई: चालली, दोन आचके.' 'ताई: बंद, दहा मिनिटांनी चालू.' शेवटी 'ताई: बंद. चालू झाली नाही. ताईला उचलून आणली.'

गाडीला नाही, ताईंना. मी ती ओळ तीनदा वाचली.

त्यानंतर चार महिने नोंद नाही. ते चार महिने मला तोंडपाठ आहेत. ह्याच काळात ही मंडळी आमच्याकडे दोनदा येऊन गेली. चहा घेताना सासूबाईंनी विचारलं होतं, मुलीला दमा वगैरे नाही ना घराण्यात? आणि माझी आई कौतुकानं म्हणाली होती, अहो, शाळेत ही पाण्याखाली सगळ्यात जास्त वेळ राहायची.

मग लग्नानंतर तीन दिवसांनी, त्याच बारीक अक्षरात: 'मागे डावीकडे सून: चालली.'

आणि त्याखाली माझं अक्षर. गोल, सुबक, कुठे खाडाखोड नाही. चालली. चालली. चालली.

मी वही मिटली. माणूस पद्धतशीर आहे, मी स्वतःला सांगितलं. पोतं बदलून बघितलं, माणसं बदलून बघितली, ह्यात भुताटकी काही नाही. वजनाचा तोल असेल, सीटखालून जाणारी एखादी वायर दाबली जात असेल. मी इतकं नीट समजावत होते की मला स्वतःची दया आली. वाळूचं पोतं आणि सून एकाच यादीत, हे मात्र कुठल्याही वायरनं समजावता येईना.

५

गाडीजवळ गेले. बॅटरीची वायर काढून ठेवलेली होती, चावी वर खुंटीला. एअर फिल्टरचा डबा उघडून बाजूला ठेवला होता, त्यामुळे कार्बोरेटरचं तोंड उघडं होतं, कपाएवढं. तोंडावर चोकची पितळी झडप असते, पातळ, नाण्यासारखी.

झडप हलत होती.

वारा असेल. मी शटर बघितलं, बंद होतं. झडप जराशी उघडायची, जराशी मिटायची.

कार्बोरेटर ओढ घेतोय की नाही हे बघायला नवरा त्याच्या तोंडावर तळहात ठेवतो आणि सेल्फ मारायला सांगतो. इथे सेल्फ मारायला कुणी नव्हतं. मी तळहात ठेवला.

ओढ लागली. जोरात नाही, तान्हं बाळ बोट ओढतं तेवढी. थांबली. परत लागली. पितळ गार होतं, आणि इंजिन सकाळपासून बंद होतं. दोन आखूड ओढी, एक लांब, थांबणं. दोन आखूड, एक लांब.

मी मागे वळले. ताई जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभ्या होत्या, भिंतीला टेकून. त्यांचे खांदे वर-खाली होत होते. दोन आखूड, एक लांब, थांबणं.

मी हात काढायला हवा होता. काढवला नाही.

"माझा आता... कमी झालाय," ताई म्हणाल्या. "नीट बघ. तुझा लागेल."

मी डोळे मिटले. ताईंच्या ओढीच्या खाली दुसरी होती. संथ, खोल, तरुण. मी श्वास आत घेतला की ती लागायची, सोडला की सुटायची. मी श्वास धरला. ती क्षणभर थांबली, वाट बघितल्यासारखी. आणि मग मी श्वास धरलेला असतानाही तिनं ओढलं.

माझ्या तोंडून काय आवाज निघाला मला माहीत नाही. हात सुटला तेव्हा तळव्यावर लाल वर्तुळ होतं. ताईंनी माझा हात धरून मला जिन्यापर्यंत आणलं. मध्यंतरी आठवडाभर गाडी दुरुस्तीला उघडून ठेवली होती, तेव्हा त्या रोज चहाला खोलीबाहेर येत होत्या, हसतही होत्या, हे मला आत्ता आठवलं. मी विचारलं, घरात कुणाकुणाला माहीत आहे? त्यांनी बोटं वर केली. दोन. मग जरा थांबून म्हणाल्या, धाकट्याला सांगून काय उपयोग, तो सायलेन्सर बघेल.

चौदा पायऱ्या चढायला आम्हा दोघींना बराच वेळ लागला.

६

जुन्या गाड्यांचा मेळावा होता, सहा तासांच्या अंतरावर. सासऱ्यांना रीतसर बोलावणं होतं. त्यांचे जुने सोबती आपापल्या गाड्या ट्रकवर चढवून आणणार होते, आणि सासरे आठवडाभर एकच वाक्य म्हणत होते: ट्रकवरून आलेली गाडी म्हणजे खांद्यावरून आलेला पहिलवान. ते चालवत नेणार होते.

नाही म्हणायला कुणाला पटेल असं कारण नव्हतं, म्हणून मी रोज गाडीत बसतच होते, आणि चाळीस मिनिटांच्या चकरेनंतर आता पाचव्या पायरीवर टेकत होते. सहा तासांचा हिशेब मी केला नाही. करण्यासारखा नव्हता.

नवऱ्याला आदल्या दिवशी सगळं सांगितलं. वही दाखवली, तळहात दाखवला. वर्तुळ तोवर पुसट झालं होतं. तो बराच वेळ वही चाळत राहिला. म्हणाला, बाबांची पद्धत आहे गं ती, ते सगळंच लिहितात. मग म्हणाला, परत आलो की छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. त्याचा आवाज प्रेमळ होता. मला तोच सगळ्यात भीतिदायक वाटला.

सकाळी आठला गाडी दारात होती. गार हवा होती. सासरे पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून बारीक स्क्रू फिरवत बसले होते, कान लावून. मग ते स्टिअरिंगवर बसले. नवरा डिकीत पिशव्या रचत होता. सासूबाईंनी मागच्या डाव्या सीटवर नवी उशी ठेवली होती. दार उघडं धरून त्या उभ्या होत्या. हातात माझ्यासाठी पाण्याची बाटली. आई मुलाला शाळेत सोडताना उभी राहते तशा.

"चल गं," त्या म्हणाल्या. "उशीर होतोय."

मी तिसऱ्या पायरीवर बसले. बसून राहिले.

मागे पावलं वाजली. ताई उतरत होत्या, बाहेरचे कपडे घालून, खांद्याला पर्स. "मी येते," त्या म्हणाल्या. "मागे... दोघी बसू. अर्धं-अर्धं होईल."

"काय अर्धं?" नवरा डिकीआडून म्हणाला.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दार धाडकन लावून घेतलं आणि पाठीनं दाबून धरलं, जणू ताई ओढून घेतल्या जाणार होत्या. "तू वर जा," त्या मुलीला म्हणाल्या. मला काहीच म्हणाल्या नाहीत. नवरा हातात पिशवी घेऊन आईकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. सायलेन्सरकडे त्यानं ह्या वेळी बघितलं नाही.

सीट रिकामी होती. इंजिन तापलेलं. पहिला आचका बसला.

सासऱ्यांनी रेस दिली. त्यात विचार नव्हता. मरणारं इंजिन ऐकत हात बांधून बसणं चाळीस वर्षांत त्यांना कधी जमलं नव्हतं. पाय आपोआप खाली गेला. त्याच क्षणी माझ्या छातीतून काहीतरी पुढे खेचलं गेलं. शेजारी ताईंचा कठड्यावरचा हात घसरला. मी सीटवर नव्हते. ताईही गाडीबाहेरच होत्या. आता बसायचीही गरज उरली नव्हती.

सासऱ्यांनी पाय उचलला, आम्हाला हवा मिळाली. आचका. परत पाय. ताई माझ्या खांद्यावर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. दोन आखूड. मी लांब श्वासाची वाट बघत राहिले.

सासूबाई मुलीकडे धावल्या. दारापासून त्या बाजूला झाल्या तेव्हा मला काच दिसली. गाडीत मागे कुणी नव्हतं. काचेवर आतून, मी बसल्यावर माझं तोंड येतं त्या उंचीवर, वाफेचा लहान गोल उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. विरले, पुन्हा उमटले.

सासऱ्यांनी आरशात बघितलं. आधी काच, मग आम्ही दोघी. त्यांनी बघितलं, हे मी बघितलं. ओठ हलले. पाय मात्र तिथेच होता. इंजिन पुन्हा अडखळलं आणि तो पाय पुन्हा खाली जायला लागला.

माझ्याकडे एका वाक्यापुरती हवा होती. ह्या घरात मी मोठ्या आवाजात बोललेलं ते पहिलंच.

"बाबा, पाय काढा. गाडी बंद पडू द्या."